मैदानावर लादलेले संस्कार

शाळेच्या क्रीडादिनी प्रमुख पाहुणे हमखास सांगतात की खेळाने चारित्र्य घडतं, संघभावना अंगी बाणते, हार पचवता येते. वसईत हे मत श्रद्धेइतकं पक्कं आहे. सांडोर-पापडीच्या पट्ट्यात भातकापणी झाली की मोकळ्या शेतात स्टंप रोवले जातात, गावोगावी फुटबॉलचे सामने लागतात, डिसेंबरअखेर चिमाजी आप्पा मैदानावर वसई-विरार कला-क्रीडा महोत्सव भरतो. अशा मुलखात या मताचं खंडन करायचं ते खेळावरच्या प्रेमापोटीच.

हा विचार आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी पब्लिक स्कूलमधून आला. टॉमस ह्यूजच्या 1857 मधल्या कादंबरीने रग्बी शाळेच्या मैदानाला थेट नीतीची शाळा करून टाकलं. त्या शाळेचे मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड यांचा ओढा मात्र धर्म आणि ग्रीक-लॅटिनकडे होता. खेळ मुलंच आपसात जमवत. म्हणजे मुळातच हा सिद्धांत मागाहून चिकटवलेला.

तो खरा असता तर पळवणकर बाळूंना त्याचा पहिला लाभ व्हायला हवा होता. या दलित डावखुऱ्या गोलंदाजाला पुण्यातल्या हिंदूंनी आपल्या संघात घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात यायचा. एकाच संघात, एकाच विजयासाठी घाम गाळूनही ते भांडं बाहेरच राहिलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही कर्णधारपद त्यांच्याकडे आलं नाही.

यावर कोणी म्हणेल, पुढे 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झालेच की! झाले, पण ते कशामुळे? 1920 मध्ये डावललं गेल्यावर विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जाहीर निवेदन दिलं. बाहेर अस्पृश्यतेविरुद्ध वातावरण तापत होतं. संघ निवडणारे झुकले ते या दबावापुढे. न्यायबुद्धी मैदानात बाहेरून आली. ती वर्षानुवर्षांच्या एकत्र खेळण्यातून उगवली नव्हती.

आता अलीकडचं पाहू. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. त्याच्या शाळेने 3 बाद 1465 वर डाव सोडला. समोरचा संघ 31 आणि 52 धावांत गारद झाला. प्रणवचा पराक्रम त्याचाच, त्यात कमीपणा काही नाही. पण समोरच्या संघाचे मुख्य खेळाडू अभ्यासासाठी शाळेने थांबवून घेतले होते आणि लहान मुलं उतरवावी लागली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. त्या मुलांनी दोन दिवस चेंडूमागे धावून नेमकं कोणतं चारित्र्य कमावलं? मोठ्यांपैकी कोणालाच हा सामना थांबवावासा वाटला नाही, हे मला त्या विक्रमाहून जास्त अस्वस्थ करतं.

आणि दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण? अशा बक्षिसांचं काय होतं ते नोकऱ्यांत दिसलंच: सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा ठेवल्या, तर ट्रॅम्पोलीनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं निघाली. खेळाला बक्षिसाची शेपटी लावली की शेपटीचाच बाजार होतो.

मग शाळेत खेळ कशाला? मुलाला त्याची गरज असते म्हणून. एवढं कारण पुरे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी मैदान सांगितलं आहे, ते पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहांच्याच यादीत. पाणी पिऊन मूल सद्गुणी होतं का, असं आपण विचारत नाही. मैदानालाही ते विचारू नये.

असं मानलं की शाळेचा सगळा नकाशा बदलतो. आज फक्कीने आखलेल्या रेषेच्या आत बारा-पंधरा मुलं असतात आणि बाहेर उन्हात बसून टाळ्या वाजवणारी चारशे. आठवी-नववीतल्या मुली तर पीटीच्या तासाला पायरीवर सरकतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. परीक्षा जवळ आली की तो तासच गणिताला जातो. ‘संस्कार’ खरोखर मैदानावर होतात असं मानणारी शाळा हा तास इतक्या सहज सोडेल का?

तालुकास्तर, जिल्हास्तराच्या स्पर्धा राहू देत. गुणी खेळाडूला पुढे जायला क्लब आणि संघटना हव्यातच. पृथ्वी शॉ लहानपणी विरारहून वांद्र्याला सरावाला जायचा, तसं कोणाला जावं लागू नये म्हणून त्या वसईतच हव्यात. पण शाळेतल्या पीटीच्या सरांचं मोजमाप मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या ढालींवर करू नका. वर्गात सर्वांत शेवटी निवडला जाणारा मुलगा आणि पायरीवर बसलेली मुलगी आठवड्यात किती वेळ धावली, ते विचारा. तपासणीच्या तक्त्यात हा एक रकाना पुढच्या जूनपासून घालता येईल.