युरोपात शिक्षण चालू असताना विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज

युरोपातील एखाद्या देशात आधीपासून शिकत असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तीन प्रसंगी विद्यार्थी व्हिसासाठी किंवा निवास परवान्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. पहिला प्रसंग म्हणजे चालू परवान्याची मुदत संपत येणे, दुसरा म्हणजे अभ्यासक्रम अथवा शिक्षणसंस्था बदलणे आणि तिसरा म्हणजे युरोपातीलच दुसऱ्या देशात शिकायला जाणे. युरोपीय संघाच्या सदस्य देशांच्या नागरिकांना संघांतर्गत शिक्षणासाठी व्हिसा लागत नाही. भारतासह संघाबाहेरील बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मात्र तो लागतो. संघाच्या कायद्यात अशा व्यक्तींना 'तिसऱ्या देशाचे नागरिक' असे म्हटले जाते.

संपूर्ण युरोपासाठी एकच असा विद्यार्थी व्हिसा अस्तित्वात नाही. शिक्षणासाठी दीर्घकाळ राहण्याची परवानगी प्रत्येक देश स्वतंत्रपणे देतो आणि ती मुख्यतः त्या देशापुरतीच असते. एका देशाचा परवाना हाती आहे म्हणून शेजारच्या देशातही शिकता येईल, हा समज चुकीचा आहे.

व्हिसा आणि निवास परवाना

बोलीभाषेत 'विद्यार्थी व्हिसा' हा एकच शब्द वापरला जात असला, तरी प्रत्यक्षात दोन वेगळे दस्तऐवज असतात. व्हिसा हा देशात प्रवेश करण्यासाठी असतो व तो सामान्यतः त्या देशाची परदेशातील वकिलात देते. निवास परवाना हा देशात राहण्यासाठी असतो व तो देशांतर्गत कार्यालयाकडून मिळतो.

शेंगेन देशांच्या व्हिसाचे 'सी' आणि 'डी' हे दोन प्रकार विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. 'सी' व्हिसा अल्पकालीन असून त्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. 'डी' व्हिसा हा ९० दिवसांपेक्षा अधिक वास्तव्यासाठीचा राष्ट्रीय व्हिसा होय. पदवी अभ्यासक्रमासाठी 'डी' व्हिसा घेऊन जाणे आणि तेथे पोहोचल्यावर निवास परवाना मिळवणे, हा भारतीय विद्यार्थ्यांचा नेहमीचा मार्ग आहे. पर्यटनासाठीच्या 'सी' व्हिसावर जाऊन तेथेच त्याचे विद्यार्थी परवान्यात रूपांतर करून घेणे बहुतेक देशांत शक्य होत नाही.

शेंगेन क्षेत्र आणि ९० दिवसांचा नियम

शेंगेन करारावर १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी सह्या झाल्या. २६ मार्च १९९५ पासून सहभागी देशांमधील सीमांवरील तपासणी प्रत्यक्षात बंद होऊ लागली. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया या क्षेत्रात सामील झाला, तर बल्गेरिया व रोमानिया यांच्या भूसीमांवरील तपासणी १ जानेवारी २०२५ रोजी संपली. आता या क्षेत्रात २९ देश आहेत. त्यांपैकी २५ युरोपीय संघाचे सदस्य आहेत. आइसलँड, लिश्टेनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड हे उरलेले चार देश संघाबाहेरचे आहेत. आयर्लंड व सायप्रस संघात असूनही शेंगेन क्षेत्रात नाहीत.

एका शेंगेन देशाचा वैध निवास परवाना किंवा 'डी' व्हिसा असलेल्या विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवास करता येतो. ही सवलत भेटी, परिषदा, सहली अशा अल्पकालीन वास्तव्यासाठी आहे. तिच्या आधारे दुसऱ्या देशात वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू करता येत नाही. शिवाय मूळ परवान्याची मुदत संपताच ही सवलतही संपते.

युरोपीय संघाची कायदेशीर चौकट

विद्यार्थी व संशोधक यांच्या प्रवेशाचे आणि वास्तव्याचे समान किमान नियम संघाच्या निर्देश (ईयू) २०१६/८०१ मध्ये आहेत. ११ मे २०१६ रोजी संमत झालेला हा निर्देश २३ मे २०१८ पर्यंत आपापल्या कायद्यात आणणे सदस्य देशांवर बंधनकारक होते. विद्यार्थ्यांविषयीचा २००४ चा आणि संशोधकांविषयीचा २००५ चा असे दोन जुने निर्देश त्यामुळे रद्द झाले. डेन्मार्क व आयर्लंड यांना हा निर्देश लागू नाही.

या निर्देशानुसार पूर्ण अर्ज मिळाल्यापासून जास्तीत जास्त ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १५ तास काम करण्याची मुभा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी किंवा व्यवसाय सुरू करण्यासाठी किमान नऊ महिने राहण्याची संधी देणेही आवश्यक आहे. या किमान मर्यादा असून अनेक देश त्याहून अधिक देतात. अर्ज साधारणपणे देशाबाहेरून करावयाचा असतो. मात्र आधीच देशात असलेल्या व्यक्तीचा अर्ज स्वीकारण्याची मोकळीक सदस्य देशांना आहे.

त्याच देशात मुदतवाढ

शिक्षण त्याच देशात चालू राहणार असल्यास मायदेशी परतण्याची गरज सहसा पडत नाही. जुना परवाना संपण्यापूर्वी अर्ज दाखल करणे, हा जवळजवळ सर्वत्र लागू असलेला नियम आहे.

जर्मनी: निवास कायद्याच्या कलम १६ब नुसार विद्यार्थी परवाना मिळतो. तो शहर अथवा जिल्हा पातळीवरील परदेशी नागरिक कार्यालय देते. परवाना सामान्यतः एक ते दोन वर्षांचा असतो व अभ्यासातील प्रगती पाहून वाढवला जातो. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते. त्याचा पुरावा म्हणून 'फिक्त्सियोन्सबेशाइनिगुंग' नावाचे प्रमाणपत्र मिळते. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळण्यास बराच विलंब होत असल्याने हे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते.

फ्रान्स: पहिल्या वर्षी बहुतेक विद्यार्थ्यांना निवास परवान्याचे काम करणारा दीर्घकालीन व्हिसा मिळतो. फ्रान्समध्ये पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. तसे न केल्यास वास्तव्य बेकायदेशीर ठरते. पुढील वर्षासाठी मुदत संपण्यापूर्वी चार ते दोन महिन्यांच्या दरम्यान अर्ज करावा लागतो.

इटली: 'डी' व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने आगमनानंतर कामकाजाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करणे आवश्यक असते. अर्जाचा संच टपाल कार्यालयात मिळतो व तेथेच जमा होतो. पुढे पोलिसांच्या 'क्वेस्तुरा' या कार्यालयात बोटांचे ठसे घेतले जातात. परवाना हाती येईपर्यंत टपालाची पावती जपून ठेवावी लागते.

अशा तात्पुरत्या प्रमाणपत्रावर किंवा पावतीवर त्या देशात राहता येत असले, तरी दुसऱ्या शेंगेन देशात जाता येईलच असे नाही. सुटीत मायदेशी येताना विमान कोणत्या देशात बदलावे लागते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दुसऱ्या देशात शिक्षण

दुसऱ्या देशात शिकण्यासाठी जाण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग संघांतर्गत गतिशीलतेचा होय. विद्यार्थी इरॅस्मस प्लससारख्या संघीय कार्यक्रमात असेल किंवा दोन विद्यापीठांमध्ये तसा करार असेल, तर पहिल्या देशाच्या परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत अभ्यासक्रमाचा काही भाग पूर्ण करता येतो. यासाठी दुसऱ्या देशाला पूर्वसूचना देणे आवश्यक असू शकते. पूर्ण सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत तो देश हरकत घेऊ शकतो. पहिल्या देशाचा परवाना त्या संपूर्ण काळात वैध असणे, आरोग्य विमा आणि पुरेसे आर्थिक साधन या प्रमुख अटी आहेत. डेन्मार्क, आयर्लंड, नॉर्वे व स्वित्झर्लंड येथे हा मार्ग उपलब्ध नाही.

दुसरा मार्ग नव्या अर्जाचा होय. विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे दुसऱ्या देशातील विद्यापीठात प्रवेश घेतला असेल, तर त्या देशाची नवी परवानगी लागते. जर्मनीत कायदेशीररीत्या राहणारा भारतीय विद्यार्थी फ्रान्सच्या दीर्घकालीन व्हिसासाठी सामान्यतः जर्मनीतील फ्रेंच वकिलातीकडे अर्ज करू शकतो. त्यासाठी जर्मनीतील वास्तव्य कायदेशीर असल्याचा पुरावा द्यावा लागतो. काही देशांत पद्धत वेगळी आहे. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्याच्या वतीने मान्यताप्राप्त विद्यापीठच इमिग्रेशन विभागाकडे अर्ज करते.

या मार्गातील मुख्य धोका दोन परवान्यांमधील खंडाचा असतो. उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थ्याचा जर्मन परवाना ३० सप्टेंबरला संपणार आहे आणि फ्रान्समधील वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार आहेत, असे मानू. त्याने ऑगस्टअखेर अर्ज केला आणि निर्णयाला सहा आठवडे लागले, तर वर्ग तर बुडतातच, शिवाय १ ऑक्टोबरपासून जर्मनीत राहण्याचा त्याचा आधारही संपतो. तेथील शिक्षण संपलेले असल्याने त्याच कारणासाठी मुदतवाढ मागता येत नाही. अशा वेळी भारतात परतून नव्याने अर्ज करण्याची पाळी येते. प्रवेशपत्र हाती येताच अर्ज करणे आणि जुन्या परवान्याची किमान काही महिन्यांची मुदत शिल्लक असणे, हाच यावरील उपाय होय.

युनायटेड किंग्डम आणि आयर्लंड

युनायटेड किंग्डम ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. तेथील सध्याची विद्यार्थी व्हिसा पद्धत ५ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. शेंगेन देशाचा परवाना असलेल्या भारतीय विद्यार्थ्यालाही ब्रिटनसाठी संपूर्ण नवा अर्ज करावा लागतो. परवानाधारक विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा संदर्भ क्रमांक त्यासाठी लागतो. आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये आधीच शिकत असलेल्या विद्यार्थ्याने चालू व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज करावयाचा असतो. नवा अभ्यासक्रम जुना व्हिसा संपल्यापासून २८ दिवसांच्या आत सुरू होणे आवश्यक असते. वेळेत अर्ज केल्यास निर्णयापर्यंत जुनी परवानगी चालू राहते. मात्र निर्णयापूर्वी देश सोडल्यास अर्ज मागे घेतला असे मानले जाते. १७ जुलै २०२३ पासून शिक्षण पूर्ण होण्यापूर्वी विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसाकडे वळण्यास तेथे मनाई आहे.

आयर्लंड शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने शेंगेन परवान्यावर तेथे प्रवेश मिळत नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे स्वतंत्र नोंदणीही करावी लागते.

आवश्यक कागदपत्रे

देशानुसार यादी बदलत असली, तरी पुढील गोष्टी बहुतेक सर्वत्र मागितल्या जातात: वैध पारपत्र, चालू निवास परवाना, प्रवेशपत्र किंवा नोंदणीचा दाखला, आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका, आरोग्य विमा, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि आर्थिक क्षमतेचा पुरावा. पारपत्राची मुदत कमी उरली असल्यास आधी संबंधित देशातील भारतीय दूतावासातून त्याचे नूतनीकरण करून घेणे सोयीचे ठरते.

आर्थिक क्षमतेची रक्कम प्रत्येक देश ठरवतो. जर्मनीत १ सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ही रक्कम सहसा दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या बंदिस्त खात्यात ठेवली जाते. फ्रान्समध्ये दरमहा ६१५ युरो हे प्रमाण प्रचलित आहे. या रकमांमध्ये वेळोवेळी बदल होतो.

नकार आणि न्यायालयीन निर्णय

अर्ज नाकारल्यास कारणे लेखी कळवणे व त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवणे संघाच्या निर्देशानुसार बंधनकारक आहे. दाद मागण्याची मुदत नकारपत्रातच दिलेली असते. युरोपीय संघाच्या न्यायालयाचे दोन निर्णय या संदर्भात महत्त्वाचे आहेत. १० सप्टेंबर २०१४ रोजी, एका ट्युनिशियन विद्यार्थ्याला जर्मनीने व्हिसा नाकारल्याच्या प्रकरणात, निर्देशातील सर्व अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेश द्यावाच लागतो. देशाने स्वतःच्या नव्या अटी घालू नयेत, असे न्यायालयाने ठरवले. २९ जुलै २०२४ रोजी बेल्जियममधील एका प्रकरणात मात्र, अर्जदाराला शिकण्याची खरी इच्छा नसल्याचे स्पष्ट दिसत असल्यास अर्ज नाकारता येतो, असा निर्णय झाला. अभ्यासक्रम वारंवार बदलणाऱ्या विद्यार्थ्याने त्या बदलाचे सुसंगत कारण देणे म्हणूनच हिताचे असते.

मुदत उलटल्याचे परिणाम

परवाना संपल्यावर अर्ज न करता राहणे हे बेकायदेशीर वास्तव्य ठरते. संघाच्या २००८ च्या परतपाठवणी निर्देशानुसार अशा व्यक्तीला देश सोडण्याचा आदेश दिला जातो. त्यासोबत सामान्यतः पाच वर्षांपर्यंतची प्रवेशबंदीही घातली जाऊ शकते. तिची नोंद शेंगेन माहिती प्रणालीत होत असल्याने ती एका देशापुरती राहत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर अल्पकालीन प्रवाशांच्या प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. वैध निवास परवाना असलेले विद्यार्थी तिच्यातून वगळलेले आहेत.

महाराष्ट्र आणि गोव्याशी संबंध

जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९,४८३ भारतीय विद्यार्थी शिकत होते व परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वाधिक होती. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे 'एपीएस' प्रमाणपत्र अनिवार्य झाले आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून अनुसूचित जातींचे विद्यार्थी युरोपात जातात. शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र आर्थिक पुरावा म्हणून जोडता येते. मात्र त्यात रक्कम व कालावधी स्पष्ट नमूद असावा लागतो. जन्मदाखल्यासारखी मराठी कागदपत्रे प्रमाणित भाषांतरासह द्यावी लागतात.

गोव्यातील स्थिती काही कुटुंबांबाबत वेगळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या व्यक्ती व त्यांची मुले-नातवंडे यांच्यापैकी अनेकांनी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तेथील नागरिकत्व घेतले आहे. त्यांना युरोपीय संघात शिकण्यासाठी विद्यार्थी व्हिसा लागत नाही. परंतु भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला मान्यता नसल्याने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर तेथे शिक्षणासाठी नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकांनाही विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो.