शत्रूच्या दप्तरातील राजा आणि देव

१/ कोपर स्थानकातून ठाण्याकडे निघालेली लोकल दिवा, मुंब्रा, कळवा मागे टाकून खाडी ओलांडते. विसेक मिनिटांचा हा प्रवास १६८३ मध्ये एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणारा ठरला असता. कल्याणवर शिवछत्रपतींनी १६५७ मध्ये अंमल बसवला होता. ठाणे मात्र पोर्तुगीजांकडे होते. आजचा धागा याच सीमेपासून सुरू होतो. प्रश्न असा: ज्यांच्याविषयीचे बरेचसे कागद त्यांच्या विरोधकांनीच लिहिले, त्यांचा इतिहास कसा लिहायचा?

२/ दोन उदाहरणे घेऊ. पहिले एका राज्यकर्त्याचे: छत्रपती संभाजी महाराज. दुसरे एका जुन्या उपासनेचे: गोव्यातील ज्या ग्रामदेवतांची देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली, त्यांचे. वरवर पाहता या दोहोंचा काही संबंध नाही. परंतु इतिहासकाराला दोन्ही ठिकाणी एकाच अडचणीतून वाट काढावी लागते.

३/ संभाजी महाराजांची व्यसनी, उतावळा आणि कवी कलशाच्या आहारी गेलेला राजा ही प्रतिमा दीर्घकाळ रूढ होती. तिचा एक मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी झाली; ही बखर त्यानंतर सुमारे १२० वर्षांनी सिद्ध झाली. शिवाय ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला, त्यांच्याच वंशात या बखरकारांचा जन्म झाला होता.

४/ एवढ्याने बखर खोटी ठरत नाही. मात्र तिचे विधान दुसऱ्या पुराव्यावाचून स्वीकारता येत नाही, हे निश्चित होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आणि डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथात हीच वाट धरली. बखरीच्या मागे जाऊन त्यांनी समकालीन कागद पुढे आणले: मोगल दरबाराची वृत्ते, इंग्रजांच्या वखारींची पत्रे, पोर्तुगीजांचे दप्तर आणि महाराजांची स्वतःची पत्रे व दानपत्रे.

५/ यांतील पोर्तुगीज कागद आपल्या परिसराशी थेट जोडलेले आहेत. १६८२-८३ मध्ये मोगल फौजा कल्याण-भिवंडीपर्यंत उतरल्या. त्यांची रसद ठाण्याच्या खाडीतून येत होती आणि पोर्तुगीजांनी ती अडवली नाही. मराठे व पोर्तुगीज यांच्यात जे युद्ध पेटले, त्याच्या कारणांपैकी हे एक होते. मराठ्यांनी चौल-रेवदंड्याला वेढा दिला. उलट पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर याने गोव्यातून निघून फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली.

६/ संभाजी महाराज स्वतः फोंड्याच्या मदतीस आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. त्याच नोव्हेंबर महिन्यात मराठ्यांनी गोव्यालगतचे जुवे बेट घेतले. ते परत घेण्याच्या प्रयत्नात विजरई कसाबसा बचावला. त्यानंतर त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या देहाजवळ ठेवून गोव्याचे रक्षण त्याच्यावर सोपवले.

७/ हा प्रसंग पोर्तुगीजांच्याच नोंदींतून कळतो. आपल्या विजरईची अशी हतबलता रंगवून सांगण्यात त्यांचा कोणताही लाभ नव्हता. म्हणून या साक्षीचे वजन मोठे. शत्रूने केलेली निंदा तपासून घ्यावी लागते, पण शत्रूने नकळत दिलेली कबुली सहज दूर सारता येत नाही. पोर्तुगीज दप्तरातील हे धन अभ्यासकांसमोर आणण्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांचा वाटा फार मोठा आहे.

८/ मात्र पुनर्मूल्यांकन म्हणजे काळ्याचे पांढरे करणे नव्हे. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत गेले, हे याच समकालीन साधनांतून सिद्ध होते. १६८१ चे देहदंडही घडलेच. गैरसोयीचे पान फाडून टाकणारा इतिहासकार आणि पूर्वग्रहाने लिहिणारा बखरकार यांच्यात मग फरक उरत नाही.

९/ आता फोंड्यातच थांबू, कारण दुसरे उदाहरण इथेच भेटते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या मुलखातील देवळे पाडली, तेव्हा भाविकांनी कित्येक देव खाडीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या या भागात आणले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला.

१०/ हे ज्यांना जमले, त्यांची परंपरा टिकली. परंतु गावोगावच्या लहान देवळांचे काय? त्यांची माहिती देवळे पाडणाऱ्यांच्याच दप्तरात सापडते. देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवायचे होते. त्यासाठी कोणत्या गावात कोणता देव आणि त्याची कोणती जमीन, हे लिहून काढणे भाग होते. साष्टीचा १५६७ चा ‘फोराल’ ही अशीच नोंदवही. (ही गोव्यातील साष्टी; आपल्या ठाण्याची नव्हे.)

११/ या नोंदींत महादेव, नारायण यांच्याबरोबर सांतेरी, रवळनाथ, वेताळ अशी नावे येतात. सांतेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. पोर्तुगीज लेखनिक मात्र मूर्ती असो वा देऊळ, दोहोंना ‘पागोद’ म्हणतो आणि पूजकांना ‘जेंतियू’. रोमन साम्राज्यातही असेच घडले. ‘पेगन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ खेडूत. जुन्या देवांच्या उपासकांना ते नाव ख्रिस्ती लेखकांनी दिले. हजारो निरनिराळ्या उपासना एकाच टोपलीत भरणारी अशी नावे त्या उपासनांपेक्षा नाव देणाऱ्याविषयीच अधिक सांगतात.

१२/ फोरालची मर्यादाही ओळखली पाहिजे. जमीन किती, हे तो सांगतो. वारुळासमोर हात जोडणारी बाई काय मागत होती, हे सांगत नाही. ती पोकळी भरण्यासाठी सह्याद्रिखंडासारख्या ग्रंथांकडे वळावे, तर तिथेही लिहिणाऱ्याची जात, क्षेत्र आणि अभिमान डोकावतो. आपल्या माणसाची साक्ष आहे म्हणून ती न तपासता घ्यावी, असे नाही.

१३/ संभाजी महाराजांना निदान स्वतःचा आवाज आहे: ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, १६८० चे दानपत्र आहे. साष्टीच्या त्या गावकऱ्यांचा एक शब्दही फोरालमध्ये नाही. त्यांच्या देवाचे नाव आणि शेताचे उत्पन्न तेवढे उरले. म्हणून त्यांच्याविषयी बोलताना अधिक जपून बोलावे लागते.

१४/ एखाद्या राजाला दोन ओळींत खलनायक किंवा देव ठरवणारा मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढे विचारावे: हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले आणि लिहिण्यात त्याचा काय लाभ होता? उत्तर आपल्या आवडीच्या विरुद्ध निघाले, तरी ते मान्य करण्याची तयारी ठेवावी. बेंद्रे आणि गोखले यांनी बखरीला जो नियम लावला, तो आपल्या लाडक्या पुराव्यालाही लागू आहे.