नेसरीचे सात : एका नोंदीची गोष्ट कशी झाली?

१/१०
कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात नेसरी हे गाव आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर येथे बहलोलखानाच्या आदिलशाही फौजेशी लढताना धारातीर्थी पडले. या घटनेची ‘गोष्ट’ कशी घडत गेली, हे या धाग्यात पाहू.

२/१०
पहिले साधन जेधे शकावली. तिच्यात तिथी, स्थळ, व्यक्ती आणि मृत्यू, एवढेच मोजक्या शब्दांत येते. शकावली ‘केव्हा’ सांगते, ‘का’ सांगत नाही. एका नोंदीखाली दुसरी नोंद असते. दोहोंना जोडणारा ‘म्हणून’ तिथे नसतो. कालक्रम आहे, पण कथानक नाही.

३/१०
दुसरे साधन मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याचे ४ एप्रिल १६७४ चे पत्र. दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत प्रतापराव आणि आणखी सहा स्वार मारले गेले. उरलेल्या सैन्याची कुमक त्यांना मिळाली नाही, असा त्याचा आशय. ‘सात’ हा आकडा येथे भेटतो.

४/१०
तिसरे साधन सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती घटनेनंतर सुमारे दोन दशकांनी, जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. येथे मात्र घटना एकमेकींना धरून चालू लागतात.

५/१०
उमराणीस कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापराव सोडून देतात. म्हणून महाराज रागावतात. खान पुन्हा चालून येतो. म्हणून त्याला बुडवा, नाहीतर तोंड दाखवू नका, अशी ताकीद जाते. म्हणून नेसरी. आणि वार्ता कळताच, आपणच तसे लिहिले होते, याचे महाराजांना दुःख होते.

६/१०
गोष्टीची सारी अंगे येथे आहेत : पात्र, त्याची चूक, संघर्ष, उत्कर्षबिंदू आणि परिणाम. कथानकाला आदि, मध्य व अंत हवा आणि प्रत्येक भाग आधीच्यातून निपजावा, असे ॲरिस्टॉटल सांगून गेला. सभासदाने त्याचे नावही ऐकले नसेल. पण बखरकाराला ही जाण उपजत होती.

७/१०
गोष्टीचे आणखी एक अंग आपण विसरतो : श्रोता. प्रतापरावांची कन्या जानकीबाई यांचा विवाह १६८० मध्ये राजाराम महाराजांशी झाला होता. म्हणजे सभासद ही हकीकत प्रतापरावांच्या जावयासाठी आणि महाराजांच्या पुत्रासाठी लिहीत होता. दोघांचाही मान राखणारा शेवट त्याने का निवडला असावा, याचा विचार अवश्य करावा.

८/१०
सभासद मोठ्या युद्धाचे वर्णन करतो. सातांचा आकडा देत नाही. लोकस्मृतीत मात्र दोन्ही धागे एकत्र विणले गेले. कारण बखरीतले, आकडा पत्रातला. पुढे कुसुमाग्रजांची कविता आणि लता मंगेशकरांचा स्वर यांनी ते सात घराघरांत पोहोचवले.

९/१०
आता बारकाईने पाहा. पत्रातील सात जण कुमक न पोहोचल्यामुळे मारले जातात : ही लष्करी दुर्घटना. परंपरेतील सात जण सैन्याची वाट न पाहता स्वतःहून निघतात : हे आत्मार्पण. आकडा तोच, ‘का’ बदलला आणि संपूर्ण गोष्टीचा अर्थ बदलला. शिवाय त्या सहा स्वारांची नावे ना पत्रात आहेत, ना बखरीत. एका नायकावर प्रकाश पडला की शेजारचे सहा जण अंधारात जातात. ही गोष्टीने घेतलेली किंमत.

१०/१०
म्हणून गीत खोटे ठरवण्याची घाई नको आणि गीतालाच पुरावा मानण्याचा भाबडेपणाही नको. शकावलीने दिवस जपला, पत्राने आकडा जपला, बखरीने कारण जपले आणि गीताने भावना जपली. कोणतीही ऐतिहासिक गोष्ट ऐकताना तीन प्रश्न विचारा : कोण सांगतो आहे? कोणासाठी? आणि यातला ‘म्हणून’ नेमका कुठून आला? नेसरीच्या स्मारकासमोर उभे राहाल, तेव्हा त्या सहा जणांसाठीही क्षणभर थांबा.