वाद, वितंडा आणि तैवानचा एक प्रयोग

आपल्या नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार मानिले आहेत. सत्य जाणावें या एकाच इच्छेनें दोघे बोलूं लागले म्हणजे तो वाद. जय मिळवावा या हेतूनें बोलूं लागले म्हणजे तो जल्प. आणि स्वतःचा कोणताहि पक्ष न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खोडून काढणें, ही वितंडा. इंटरनेटनें कोट्यवधि माणसांच्या हातीं बोलण्याचें साधन दिलें. पण त्यावरील राजकीय बोलण्यांत वाद किती, जल्प किती व वितंडा किती, हें सुजाण वाचकास सांगावयास नको. या अवस्थेचा दोष सामान्यतः मनुष्यस्वभावावर टाकण्यांत येतो, व तो अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु सभेचे नियमहि माणसास भांडखोर किंवा समंजस बनवीत असतात. तैवान बेटावर इ. स. २०१५ मध्यें झालेला एक प्रयोग या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे.

तैवानांत १९४९ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३८ वर्षें, लष्करी कायदा चालू होता. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट लोकांच्या मतांनीं प्रथम झाली ती १९९६ मध्यें. जी पिढी भीत भीत बोलावयास शिकली, तिच्याच मुलांनीं मोकळेपणानें बोलावयास आरंभ केला, इतकी तेथील लोकशाही तरुण आहे. त्यांतून चीनशीं संबंध किती जवळचे असावेत या एका प्रश्नानें समाजाचे दोन तट पाडिले. पक्षांच्या निशाणांवरून लोक त्यांस ‘निळे’ आणि ‘हिरवे’ म्हणतात.

जून २०१३ मध्यें चीनशीं सेवाव्यापाराचा एक करार झाला. त्याची कलमवार छाननी विधिमंडळांत व्हावयाची होती. परंतु १७ मार्च २०१४ रोजीं समितीच्या बैठकींत सत्तारूढ पक्षाच्या एका सभासदानें, अवघ्या अर्ध्या मिनिटांत, छाननी पुरी झाल्याचें जाहीर केलें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं विद्यार्थी तैपेई येथील विधिमंडळाच्या सभागृहांत शिरले व १० एप्रिलपर्यंत त्यांनीं तें सोडलें नाहीं. हेंच तें ‘सूर्यफूल आंदोलन’. कराराच्या गुणदोषांविषयीं मतभेद होते; पण आपणांस न विचारतां, न समजावतां निर्णय होतो, हें शल्य पुष्कळांच्या मनांत एकच होतें.

या आंदोलनांत संगणक जाणणाऱ्या तरुणांचा एक स्वयंसेवी मेळावा पुढें आला. ‘गव्ह-झीरो’ हें त्याचें नांव. त्याची स्थापना २०१२ मधली. सरकारी माहिती नागरिकांस कळेल अशा रूपांत मांडणें हा त्याचा मूळ उद्योग. सभागृहांत काय चाललें आहे तें बाहेरच्यांस थेट दिसावें, अशी व्यवस्था करण्यांत या तरुणांचा मोठा वांटा होता. नोव्हेंबरांतील स्थानिक निवडणुकींत सत्तारूढ पक्षाचा दारुण पराभव झाला. पुढच्याच महिन्यांत जॅक्लिन त्साय या मंत्रीणबाई स्वतः या तरुणांच्या बैठकीस गेल्या आणि कायद्यांच्या प्रश्नांवर सर्व पक्षांस शांतपणें विचार करतां येईल असें स्थान निर्माण करा, अशी विनंति त्यांनीं केली. कालपर्यंत सरकारावर टीका करणाऱ्यांच्या दारीं सरकारनें जावें, हा प्रसंग कोणत्याहि देशांत विरळाच. यांतूनच ‘व्ही-तैवान’ जन्मास आलें.

त्यासाठीं जें साधन निवडण्यांत आलें तें अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं तयार झालेलें होतें. त्याचें नांव ‘पॉलिस’. शिपायाशीं याचा संबंध नाहीं. ग्रीक लोक आपल्या नगरराज्यास ज्या शब्दानें ओळखीत, तो हा शब्द. त्याची रीत साधी आहे. कोणीहि एखादें छोटें विधान लिहावें. इतरांनीं त्यावर सहमत, असहमत किंवा तटस्थ, एवढेंच सांगावें. उत्तर देण्याची सोय मात्र मुद्दामच ठेवलेली नाहीं. मग या मतांवरून कोण कोणाच्या जवळ आहे, याचा नकाशा संगणक सर्वांसमोर मांडतो. त्यांत गट दिसतात, त्यांच्यामधील अंतर दिसतें, आणि दोन्ही गटांस मान्य असलेलीं विधानेंहि दिसतात. इतरत्र जो अधिक डिवचतो त्याला अधिक उत्तरें मिळतात व त्याचाच आवाज मोठा होतो. येथें डिवचून कांहीं लाभत नाहीं. ज्याला आपला प्रभाव वाढवावयाचा आहे, त्याला पलीकडच्या माणसासहि पटेल असें वाक्य शोधावें लागतें.

कसोटीचा प्रश्न लौकरच आला. ‘उबर’ ही कंपनी २०१३ पासून तैवानांत होती. तिच्या खासगी मोटारींनीं भाडें घ्यावें कीं नाहीं, यावरून टॅक्सीवाले आणि कंपनीचे चाहते यांच्यांत वितुष्ट आलें. २०१५ च्या उन्हाळ्यांत हा विषय ‘पॉलिस’वर मांडण्यांत आला. अनुकूल व प्रतिकूल असे दोन गट तर दिसलेच. पण दिवस जातां जातां दोघांसहि मान्य होणारीं विधानें वर येऊं लागलीं: उतारूंचा विमा असावा, नियम सर्वांस सारखे असावेत, आणि या निमित्तानें टॅक्सीचा धंदाहि सुधारावा. नंतर अधिकारी, कंपनी व टॅक्सीवाले यांची समोरासमोर बैठक झाली व ती लोकांस थेट दाखविण्यांत आली. भांडणाचे मुद्दे बाजूस ठेवून सहमतीचे मुद्देच विषयपत्रिकेवर घेण्यांत आले होते. २०१६ मध्यें नव्या प्रकारच्या टॅक्सीसेवेचे नियम आले. आणि त्याच वर्षीं या प्रयोगांत पुढाकार घेणारे ऑड्री तांग वयाच्या ३५ व्या वर्षीं मंत्रिमंडळांत गेले.

ज्यांत उत्तर देतांच येत नाहीं त्यास संवाद कसें म्हणावें, असा आक्षेप येईल, व तो रास्त आहे. तो संवाद नव्हे. संवादासाठीं केलेली जमिनीची मशागत आहे. खरें बोलणें पुढें बैठकींतच झालें. मात्र कशावर आपलें भांडण नाहीं हें आधीं कळल्यामुळें तें बोलणें कामाचें झालें.

या प्रयोगाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. कंपनीचा तंटा एवढ्यानें मिटला नाहीं. जबर दंडांमुळें फेब्रुवारी २०१७ मध्यें तिनें काम थांबविलें व एप्रिलांत परवानाधारक भाडोत्री मोटारींच्या साहाय्यानें तें पुन्हा सुरू केलें. ‘व्ही-तैवान’चे निष्कर्ष मानण्याचें सरकारवर कायद्यानें बंधन नव्हतें. त्यापुढें आलेले विषयहि मुख्यतः नव्या, इंटरनेटवर चालणाऱ्या व्यवहारांपुरतेच होते. ज्या चीनच्या प्रश्नानें समाज दुभंगला, तो या तराजूंत कधीं घातला गेला नाहीं.

म्हणून यंत्राचा जयजयकार करण्यापूर्वीं आपण थांबावें. प्रश्न नेमका होता, आणि ‘तुमचें ऐकूं व त्यावर बसून बोलूं’ असें वचन सत्ताधाऱ्यांनीं आधींच दिलें होतें, म्हणून हें साधन फळास आलें. त्या वचनावांचून कितीहि सुबक नकाशे काढिले तरी तें केवळ मनोरंजन होय. आणि ज्यांचा एकदां असा हिरमोड होतो, ते पुन्हा सभेस येत नाहींत. उलटपक्षीं, वचन असूनहि सभेचे नियम भांडकुदळासच बक्षीस देणारे असतील, तर सद्धेतु वितंडेंत बुडून जातो. वाद घडावयास दोन्ही लागतात: बोलण्याची सुज्ञ रीत, आणि ऐकण्याची तयारी असलेला सत्ताधारी. पहिली गोष्ट संगणकतज्ज्ञ तयार करूं शकतो. दुसरी मात्र नागरिकांस मागूनच घ्यावी लागते. तैवानांत ती मिळाली, पण त्यासाठीं तेथील मुलांस २४ दिवस विधिमंडळांत ठाण मांडावें लागलें.