लेसर-संमीलनातले उपद्रवी इलेक्ट्रॉन आणि वाईचे चंद्रशेखर जोशी

१९७२ साली जॉन नकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक धाडसी कल्पना मांडली. हायड्रोजनची जड भावंडे, म्हणजे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, एका इवल्याशा गोळीत भरायची. चहूबाजूंनी लेसर सोडून ती गोळी इतकी आवळायची की ताऱ्याच्या पोटात चालणारे अणुसंमीलन, म्हणजेच फ्यूजन, प्रयोगशाळेत घडावे. दशक संपेपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत लेसर उभे राहिले.

गोळी मात्र हवी तशी आवळली जाईना.

कारण असे, की लेसर पडताच गोळीचा पृष्ठभाग वितळून वायू होतो आणि वायूतील अणू फुटून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा काही गुमान प्रकाश गिळत बसत नाही. त्यात लाटा उठतात. काही इलेक्ट्रॉन या लाटांवर स्वार होऊन प्रचंड वेगाने पुढे सुटतात, आतल्या इंधनात शिरतात आणि ते वेळेआधीच तापवतात. तापलेला वायू आवळायला कितीतरी अधिक जोर लागतो. संमीलनाच्या शास्त्रज्ञांना हे इलेक्ट्रॉन म्हणजे निव्वळ उपद्रव वाटत, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. या उपद्रवाच्या एका प्रमुख प्रकाराला चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव आहे, हा एक योगायोगच. रामन यांनी १९२८ मध्ये रेणूंच्या कंपनांमुळे प्रकाशाचा रंग बदलतो हे दाखवले होते. येथे रेणूंच्या कंपनाची जागा प्लाझ्माची लाट घेते.

या धांदलीच्या काळात दुसरे एक चंद्रशेखर पदार्थविज्ञान शिकत होते. चंद्रशेखर जोशी यांचा जन्म १९५३ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या वाईचा. कृष्णाकाठचे घाट, प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोश यांमुळे वाई महाराष्ट्राला ठाऊक आहे. (विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रीही जोशीच, पण केवळ आडनावावरून नाते जोडू नये.) १९७४ मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी आणि १९७८ मध्ये हल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून ते कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत दाखल झाले. लेसर-संमीलन आणि लेसर-प्लाझ्मा हाच तेथे त्यांचा विषय होता.

१९७९ मध्ये तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन या दोघांचा एक सैद्धांतिक निबंध प्रसिद्ध झाला. डॉसन हे मूळचे प्रिन्स्टनच्या संमीलन प्रकल्पातले, तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नाव पाणी कापत गेली की मागे लाट उठते, तशी लेसरचा आखूड स्पंद प्लाझ्मातून गेला की त्याच्यामागे लाट उठेल. त्या लाटेवर बसवलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाला भिडेल.

याचे मोल कळण्यासाठी कणांना वेग देणारी यंत्रे, म्हणजे त्वरक, कसे असतात ते पाहावे लागेल. धातूच्या पोकळीत विद्युतक्षेत्र मर्यादेबाहेर वाढवले की ठिणगी पडते. म्हणून अधिक ऊर्जा हवी तर यंत्र लांबवणे एवढाच मार्ग उरतो. सर्नच्या महात्वरकाचा घेर २७ किलोमीटर आहे. नांदेडहून अर्धापूरला जायला इतके अंतर पडत नाही. प्लाझ्माचे अणू आधीच फुटलेले असल्याने त्याला ठिणगीची भीती नाही आणि तो हजारपट तीव्र क्षेत्र पेलू शकतो.

संमीलनवाले ज्या इलेक्ट्रॉनांना टाळू पाहत होते, ते या नव्या कल्पनेचे साक्षीदार ठरणार होते. १९८१ मध्ये जोशी यांनी ताजिमा, डॉसन आणि कॅनडातील सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. अतिशय पातळ कार्बनपत्र्यावर कार्बन डायऑक्साइड लेसर सोडला असता, लेसरच्याच दिशेने दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर पडल्याचे त्यांना आढळले होते. तोवर जोशी लॉस एंजेलिसला डॉसन यांच्या विद्यापीठात आले होते. १९८८ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले.

पुढची वाट संथ होती. पुरेसा आखूड आणि तीव्र स्पंद देणारा लेसर तेव्हा नव्हता, म्हणून किंचित वेगळ्या तरंगलांबीचे दोन किरण एकत्र सोडून त्यांच्या ठोक्याने लाट उठवायची युक्ती योजली गेली. १९८५ मध्ये लाट दिसली. बाहेरून सोडलेले इलेक्ट्रॉन तिच्यावर चढवायला १९९३ उजाडले: २१ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टांचे इलेक्ट्रॉन ९१ लाखांवर गेले. विशेष म्हणजे यासाठीही कार्बन डायऑक्साइड लेसरच वापरला होता. त्याच्या लांब तरंगांमुळे उपद्रवी इलेक्ट्रॉन फार निर्माण होतात, म्हणून संमीलनवाल्यांनी एव्हाना त्याचा नाद सोडला होता.

सर्वाधिक गाजला तो २००७ मधील निकाल. स्टॅनफर्डच्या सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या त्वरकातून तेव्हा ४२ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टांची इलेक्ट्रॉनशलाका निघत असे. येथे लेसरऐवजी तीच शलाका प्लाझ्मात घुसवून लाट उठवली. जोशी यांचा गट आणि स्टॅनफर्डचे सहकारी यांनी लिथियमच्या ८५ सेंटिमीटर प्लाझ्मात काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दुप्पट करून दाखवली. मथळ्यांतून ‘काही’ हा शब्द बहुधा गळला. शलाकेच्या पुढच्या इलेक्ट्रॉनांनी ऊर्जा गमावली, तेव्हाच शेपटीकडच्या थोड्यांना ती मिळाली. सुबक, एकसारखी शलाका मिळवणे हे त्याहून अवघड काम आहे आणि ते आजही चालू आहे. तरीही ३ किलोमीटरांची कमाई हातभर अंतरात होऊ शकते, यावर त्यानंतर कोणी शंका घेतली नाही.

त्याआधीच, २००६ मध्ये, अमेरिकन फिजिकल सोसायटीने त्यांना प्लाझ्माभौतिकीचा जेम्स क्लर्क मॅक्सवेल पुरस्कार दिला होता.

नकल्स यांची गोळी अखेर ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरला पेटली. २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जा आत गेली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. उपद्रवी इलेक्ट्रॉन कमी व्हावेत म्हणून तेथे आखूड तरंगांचा अतिनील प्रकाश वापरतात; रामन यांच्या नावाच्या त्या विकिरणावर अजूनही लक्ष ठेवावे लागते. त्याच लाटांना कामाला जुंपणाऱ्या संशोधनासाठी पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, युरोपातील हान्नेस आल्फवेन पुरस्कार पिसिन चेन, जेम्स रोझेनझ्वाइग आणि वाईचे चंद्रशेखर जोशी यांना विभागून देण्यात आला.