पुढे धाडलेलं गाणं

एप्रिल 2013. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कोचेला महोत्सव भरला होता. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात मोठ्या पडद्यांवर अचानक एक चित्रफीत सुरू झाली. चमचमत्या कपड्यांतले चौघे: गायला फॅरेल विल्यम्स, गिटारवर नाईल रॉजर्स आणि शिरस्त्राणं चढवलेली ‘डाफ्ट पंक’ ही फ्रेंच जोडी. या जोडीचं नाव त्या वर्षीच्या कलाकारांच्या यादीत नव्हतंच. आदल्याच महिन्यात अमेरिकन टीव्हीवर एका जाहिरातीत नव्या संगीताचे पंधराच सेकंद ऐकवले गेले होते, आणि चाहत्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून त्याचं लांबलचक गाणं करून घेतलं होतं. 19 एप्रिलला ‘गेट लकी’ बाजारात आलं. ते ज्या अल्बममधलं होतं, तो ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ मे महिन्यात यायचा होता.

अल्बमआधी त्यातलं एक गाणं पुढे पाठवायचं, ही संगीतधंद्यातली जुनी रीत. लग्नाआधी घरोघर अक्षत जावी तशी. नाचाच्या संगीतात मात्र या गाण्याला नुसता निरोप देऊन भागत नाही. अनोळखी लोकांसमोर उभं राहून त्यांचे पाय हलवून दाखवावे लागतात.

ही रीत तबकडीच्या आकारातून घडली. कोलंबिया कंपनीने 1948 साली मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली, आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने 45 फेऱ्यांची सात इंची. मोठीवर अल्बम, छोटीवर सुटं गाणं, अशी वाटणी होऊन गेली. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं सोयीचं पडे. नाचणाऱ्यांचं त्यात भागत नसे. ताल अंगात भिनतोय न भिनतोय तोच गाणं संपायचं.

टॉम मोल्टन हा न्यूयॉर्कचा माणूस 1970 च्या दशकाच्या मध्यावर नाचासाठी गाणी ताणून लांब करत असे. एके दिवशी त्याच्या गाण्याची नमुना तबकडी कापायची होती आणि सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. कापणाऱ्या तंत्रज्ञाने, होझे रॉड्रिगेझने, दहा इंची चकती लावली. तिच्यावर गाण्याची खाच चिंचोळ्या पट्ट्यात आटपली आणि उरलेली चकती कोरीच राहिली. ते मोल्टनला पटेना. मग खाच ऐसपैस पसरून आवाजही चढवला. या एका बदलाने सगळं पालटलं. ढोलाचा आणि बासचा खोल आवाज कापताना खाच दोन्ही बाजूंना झोके घेते. शेजारची खाच जवळ असली की हे झोके आवरते घ्यावे लागतात. जागा मिळाली आणि आवाज भरदार झाला. दहावरून बारा इंचांवर जायला मग वेळ लागला नाही. 1976 मध्ये सॅलसोल कंपनीने ‘डबल एक्स्पोजर’चं ‘टेन परसेंट’ बारा इंची तबकडीवर दुकानांत विकायला ठेवलं. वॉल्टर गिबन्सने ते जवळजवळ दहा मिनिटांपर्यंत वाढवलं होतं.

एकट्या गाण्याला अल्बमएवढी तबकडी मिळाली, तशी त्याची पतही वाढली. 7 मार्च 1983 रोजी मँचेस्टरच्या ‘न्यू ऑर्डर’चं ‘ब्लू मंडे’ आलं. लांबी साडेसात मिनिटं. पीटर सॅव्हिलने त्याचं वेष्टन संगणकाच्या फ्लॉपीसारखं केलं होतं, खिडक्या कापलेलं. त्यावर ना बँडचं नाव, ना गाण्याचं. कडेला नुसते रंगीत चौकोन. ते रंग वाचायची किल्ली बँडच्याच मे महिन्यात आलेल्या अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेली होती. आणि त्या अल्बमच्या मूळ ब्रिटिश तबकडीवर ‘ब्लू मंडे’ नव्हतंच!

शिकागोत तर तबकडी निघायच्याही आधी गाण्याचा निकाल लागत असे. ‘फ्यूचर’ या तिघांच्या चमूने रोलंड कंपनीच्या टीबी-303 या यंत्रावर एक विचित्र, चिरकणारी धून बनवली. खरं तर हे यंत्र एकट्या वादकाला बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते खपलं नाही आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. धुनेची टेप ‘म्युझिक बॉक्स’ क्लबचा डीजे रॉन हार्डी याच्याकडे गेली. चमूतल्या डीजे पिअरने पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी: हार्डीने ती धून एकाच रात्री चारदा वाजवली. पहिल्यांदा लोक फ्लोअर सोडून गेले. चौथ्यांदा ते बेभान झाले होते. 1987 मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून तिची तबकडी निघाली, तोवर शिकागोच्या नाचणाऱ्यांना ती पाठ होती.

तेच यंत्र मुंबईत या तबकडीच्या पाच वर्षं आधी वाजलं होतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांचा अल्बम काढला. आज तो ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो पुन्हा पुन्हा वाजवून लोकांच्या गळी उतरवणारा रॉन हार्डी इथे नव्हता. अल्बम विस्मरणात गेला आणि 2010 मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढला, तेव्हा जगाच्या कानावर आला. मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासावर, गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यावर, 1990 च्या दशकात उलट चित्र होतं. उन्हाने तबकड्या वाकत, म्हणून तिथले डीजे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर वाजवत. संगीतकार एकमेकांना टेपा देत, आणि दुकानात न पोचलेल्या धुनांवर तिथल्या वाळूत लोक आधी नाचत.

‘गेट लकी’वर गिटार वाजवणारे रॉजर्स बारा इंची तबकड्यांच्या त्या पहिल्या बहरातलेच, ‘शिक’ या डिस्को बँडचे एक संस्थापक. आणि ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’चं अनावरण झालं ते पॅरिस वा न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर ऑस्ट्रेलियातल्या वी वॉ नावाच्या कापूस पिकवणाऱ्या छोट्या गावी, 17 मे रोजी, तिथल्या वार्षिक शेतकी प्रदर्शनात. डाफ्ट पंक स्वतः तिथे आले नाहीत. रेडिओसाठी पुढे धाडलेलं ‘गेट लकी’ चार मिनिटांचं होतं. वी वॉच्या लोकांनी ऐकलं ते अल्बममधलं, पुरतं सहा मिनिटांचं.