रुईवरचं फुलपाखरू

मागच्या श्रावणात सहावीतल्या एका मुलीने बांधावरच्या रुईकडे बोट दाखवून विचारलं, "सर, हे कोणतं?" केशरी पंख, टोकाला काळा पट्टा, त्यात पांढरे ठिपके. मी दोन भाषा शिकवतो. उर्दूत तितली, मराठीत फुलपाखरू. पण ‘कोणतं’ म्हटल्यावर दोन्ही भाषांत माझी गाडी अडली. परवाना म्हणावं तर तो गझलेतला, शमेवर जळणारा, म्हणजे पतंग.

घरी येऊन पुस्तकं शोधली. इंग्रजीत नाव सापडलं, प्लेन टायगर. लिनियसने १७५८ मध्येच त्याची शास्त्रीय नोंद केली होती. त्याहून जुनी गोष्ट इजिप्तची. तिथल्या नेबामून नावाच्या एका कारकुनाच्या थडग्यातलं भित्तिचित्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वय ३,३०० वर्षांहून जास्त. त्यात पाणपक्ष्यांच्या गर्दीत हेच फुलपाखरू उडताना दिसतं. आमच्या भोकरच्या बांधावरचं!

आपल्याकडे या अभ्यासाला वळण लागलं ते मुंबईत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. संस्थापकांपैकी एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकन, हा साताऱ्यात जन्मलेला, मीठ आणि जकात खात्यातला अधिकारी. त्याने डेव्हिडसन आणि बेल या दोघांबरोबर कारवारकडच्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. सोसायटीच्या नियतकालिकात ती १८९६ पासून छापून आली. मला भावली ती त्यांची पद्धत. जाळं घेऊन नुसतं पळायचं नाही. अळी आणायची, तिचं झाड ओळखायचं, पाला घालून वाढवायची आणि मग काय बाहेर पडतं ते पाहायचं.

कारवार मुंबई इलाख्यात होतं. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, सरकारी भाषा उर्दू. एटकनची पुस्तकं इथल्या शाळेत कोण आणणार? पण झाडावरून ओळखायची पद्धत शिकायला इंग्रजी लागत नाही. रुई इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालतात, आणि तीच पानं या फुलपाखराची अळी खाते. रुईच्या चिकातलं विष अंगात मुरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

याचा फायदा उचलणारं एक सोंगाडंही आहे, डॅनेड एगफ्लाय. त्याची मादी हुबेहूब रुईवाल्यासारखी केशरी. नर मात्र काळाभोर, पंखांवर निळसर कडेचे मोठे पांढरे ठिपके. फरक मागच्या पंखात. खऱ्या रुईवाल्याच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात, सोंगाड्या मादीच्या पंखावर वरच्या कडेला एकच. आणि तिची अळी वाढते कशावर? घोळीवर. आपण डाळ घालून जिची भाजी करतो, तीच.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचं मराठी नाव नीलवंत, ऐकायलाही सुरेख. पण ते सह्याद्रीच्या ओल्या रानात रमणारं. आमच्या बांधावर मला ते अजून दिसलेलं नाही, आणि इथे जे रोज दिसतं त्याचं नाव मी वर्गात सांगू शकलो नव्हतो.

मुलांनी आता वहीत दोन रकाने आखलेत, एकात झाड, दुसऱ्यात फुलपाखरू. नाव माहीत नसेल तर ‘रुईवालं’, ‘घोळवालं’ असं लिहितात. मी खोडत नाही. तणनाशक मारल्यावर बांधावरची घोळ पहिली जाते, हे त्या मुलीनेच परवा मला दाखवलं. तिच्या वहीतला तो रकाना दोन आठवडे कोरा आहे.